कारण लेखी हवे

मल्हारगंज, इंदूर

प्रति,
मा. श्रम व रोजगार मंत्री, भारत सरकार,
श्रमशक्ती भवन, नवी दिल्ली



आपल्या मंत्रालयाकडे दररोज येणाऱ्या अर्ज-विनंत्यांत आणखी एकाची भर घालावी एवढाच माझा हेतू असता, तर हे पत्र मी रीतसर पाकिटात घालून रजिस्टर केले असते, यथाकाल त्यावर आवक-क्रमांकाचा शिक्का पडला असता, आणि ते योग्य त्या कपाटात विसावले असते. परंतु ज्या विषयासंबंधी मला लिहावयाचे आहे तो एका अर्जदाराचा नाही. आणि ज्या हजारो माणसांचा तो आहे ती, आपल्या नावानिशी तक्रार केली तर पुढली नोकरी मिळणे कठीण, या सार्थ भीतीने तोंडातून अवाक्षर काढीत नाहीत. ज्याला आता नोकरी करावयाची नाही, आणि म्हणून कोणाची भीडही बाळगावयाची नाही, अशा माणसाने ते काम अंगावर घ्यावे हे उचित, असे वाटल्यावरून हे पत्र मी चव्हाट्यावर लिहीत आहे.

मी इंदूरच्या मल्हारगंजात राहणारा एक निवृत्त वकील आहे. राजवाड्याकडून बड्या गणपतीकडे जाताना लागणाऱ्या या जुन्या वस्तीत होळकरशाहीपासून नांदत आलेली मराठी घरे अजून आहेत. त्यांतली पहिली पिढी होळकरांच्या फडात आणि दफ्तरात चाकरीस होती. पुढली शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत गेली. त्यापुढली बँकांत आणि विमा कंपन्यांत स्थिरावली. आणि सांप्रतची पिढी शहराच्या वायव्येस सुपर कॉरिडॉरवर उभ्या राहिलेल्या संगणक कंपन्यांत, नाहीतर पुण्यास, बंगळूरास आणि त्याहूनही दूर जाऊन पोहोचली आहे. धनी बदलले, चाकरीची तऱ्हा बदलली. पण काम चोख असेल, हिशेबात खोट नसेल आणि वरिष्ठाचा शेरा चांगला असेल, तर आपल्या भाकरीला धक्का लागणार नाही, ही एक समजूत मात्र आजोबांकडून नातवाकडे जशीच्या तशी चालत आली होती. तिला आता तडा गेला आहे, आणि तो कसा गेला हे आपल्या कानी घालणे हा या पत्राचा पहिला उद्देश आहे.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा आमच्या गोविंदराम सेकसरिया संस्थेतून, जिला इंदुरात लहानथोर सगळे जीएसआयटीएस म्हणतात, अभियंता होऊन बाहेर पडला आणि थेट एका मोठ्या कंपनीत रुजू झाला. कंपनीचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही; एकदा नाव घेतले की प्रश्न त्या नावापुरता उरतो, आणि बाकीच्यांस हात झटकून मोकळे होता येते. त्याच कंपनीत तो वाढला, त्याच्या हाताखाली दहा-बारा माणसे आली, 'टीम लीड'चा 'मॅनेजर' झाला; आणि वार्षिक मूल्यमापनात, ज्याला ही मंडळी अप्रेझल म्हणतात, त्याची श्रेणी वर्षानुवर्षे वरचीच राहिली. गेल्या वर्षअखेरीस परदेशातील क्लायंटने त्याच्या कामाविषयी लिहिलेले प्रशंसापत्र कंपनीनेच सर्वांस वाचून दाखवले होते. त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी त्याच्या कॅलेंडरवर एचआरचा कॉल लागला. पडद्यावर दोन चेहरे होते, आणि त्यांतला एकही त्याच्या ओळखीचा नव्हता. त्याला सांगण्यात आले की, तुम्हाला प्रोजेक्टमधून रिलीज केले आहे आणि तुम्हाला देण्याजोगे दुसरे काम कंपनीपाशी नाही. आज संध्याकाळपर्यंत राजीनामा दिलात तर तीन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळेल. न दिलात तर टर्मिनेशन होईल, आणि पुढल्या कंपनीने बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी विचारणा केली की आम्हाला तसे कळवावे लागेल. त्याने विचारले, माझ्या रेटिंगमध्ये काय उणे होते? उत्तर आले, रेटिंगचा याच्याशी संबंध नाही. त्याने म्हटले, मग ज्याचा संबंध आहे ते कारण मला मेलवर लिहून द्या. उत्तर आले, ते आम्ही लेखी देत नाही.

त्या दिवशी तो घरूनच काम करीत होता, त्यामुळे राजीनामा भरावयाचे ते पान मी त्याच्या खांद्यावरून प्रत्यक्ष पाहिले. नाव, हुद्दा, कर्मचारी-क्रमांक हे सारे आधीच भरलेले होते. शेवटी 'सोडण्याचे कारण' असा एक रकाना होता, आणि त्यावर बोट ठेवताच कारणांची एक तयार यादी खाली उलगडत होती: उच्च शिक्षण, विवाह, स्थलांतर, प्रकृती, अधिक चांगली संधी, वैयक्तिक कारण. 'कंपनीने सांगितले म्हणून' असा पर्याय त्या यादीत नव्हता. आणि रकाना मोकळा ठेवला तर पुढे जाण्याचे बटण दाबले जात नव्हते. घटकाभर थांबून त्याने 'वैयक्तिक कारण' निवडले. महोदय, वकिलीच्या धंद्यात मी जबरीने लिहून घेतलेले कागद पुष्कळ पाहिले. अंगठा धरून उठवलेल्या कबुलायती पाहिल्या, कोऱ्या कागदावर आधी घेतलेल्या सह्या पाहिल्या. परंतु त्या सगळ्या लबाड्यांत निदान लबाडी करणाऱ्याला खरे दडवण्याचे श्रम पडत असत. ज्या कागदात खरे लिहिण्यास मुळी जागाच ठेवलेली नाही, आणि म्हणून ज्यात प्रामाणिक मनुष्यालाही स्वहस्ते खोटे लिहिल्यावाचून गत्यंतर नाही, असा दस्तऐवज मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

एका घरावरचा प्रसंग मंत्रिमहोदयांपुढे कशास, असे कोणी म्हणेल. म्हणून ज्याची सार्वजनिक नोंद आहे असे एक उदाहरण घेतो; माझ्या पुतण्याच्या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नाही. २७ जुलै २०२५ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने जाहीर केले की, त्या आर्थिक वर्षात आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे, आणि तीही मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणीतली, कमी केली जातील. १९६८ साली स्थापन झालेल्या आणि सुरक्षित नोकरीचा पर्याय म्हणूनच घरोघरी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने हे करावे याचा धक्का मोठा होता. कारण ज्या तिमाहीनंतर हे सांगण्यात आले तिचा निव्वळ नफा १२,७६० कोटी रुपये होता. तथापि न्यायाने बोलावयाचे तर, कंपनीने निदान हे उघडपणे सांगितले, बदलत्या कौशल्यांचे कारण दिले, आणि नोकरी गेलेल्यांना द्यावयाच्या भरपाईपोटी पुढल्या तिमाहीत १,१३५ कोटी रुपयांचा खर्चही हिशेबात दाखवला. माझा मुद्दा त्याच्या पुढला आहे. जूनअखेर ६,१३,०६९ असलेली कर्मचारीसंख्या सप्टेंबरअखेर ५,९३,३१४ झाली. म्हणजे तीन महिन्यांत १९,७५५ माणसे उणी झाली. कंपनीचे म्हणणे असे पडले की, यांपैकी आम्ही काढलेली माणसे एकूण मनुष्यबळाच्या सुमारे १ टक्का एवढीच होत. आपल्या मंत्रालयाकडे ज्यांनी गाऱ्हाणे नेले त्या पुण्याच्या 'नाइट्स' या संघटनेस हा हिशेब मान्य झाला नाही. दोघांपैकी खरे कोणाचे, हे मी ठरवीत नाही. ठरवण्याचे साधन माझ्यापाशी नाही, आणि सखेद म्हणावे लागते की, आपल्यापाशीही नाही. कारण गेलेला मनुष्य गेला की घालवला गेला, याची निरपेक्ष नोंद या देशात कोठेच होत नाही. जी होते ती कंपनीने बनवलेल्या यादीतून त्याच माणसाने निवडलेल्या एका कारणाची होते.

समुद्रापलीकडेही असेच चालते, म्हणून ते क्षम्य होत नाही. २०२५ च्या आरंभी मेटा या अमेरिकी कंपनीने सर्वांत कमी कामगिरीची सुमारे ५ टक्के माणसे काढणार असे आधी जाहीर करून फेब्रुवारीत ती काढली. आणि लगोलग त्यांपैकी कित्येकांनी पुढे येऊन सांगितले की, आमची श्रेणी अपेक्षेइतकी, किंबहुना अपेक्षेहून वरची होती. कामगिरीचे माप लावून माणसे काढण्याच्या या पद्धतीचे मूळ शोधू गेल्यास आपण १९८० च्या दशकातील जनरल इलेक्ट्रिकपर्यंत पोहोचतो. तेथे जॅक वेल्च यांनी दरसाल तळाच्या दहा टक्क्यांस निरोप देण्याचा रिवाज घातला, आणि त्याची नक्कल जगभर झाली. त्या रिवाजातील दोष आमच्या तरुणांना तोंडपाठ आहे, ते त्याला 'बेल कर्व्ह' म्हणतात: गटातील दहाही माणसे उत्तम असली तरी एकास तळाशी बसवणे क्रमप्राप्त असते; वरून आकडा ठरून येतो आणि खाली त्या आकड्याला नावे शोधली जातात. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली अशी सक्तीची क्रमवारी सोडून दिली, तेव्हा पुष्कळांना हायसे वाटले होते. परंतु क्रमवारी गेली तरी आकडा राहिलाच. आता तो खर्चाच्या दालनात ठरतो, आणि त्याचे समर्थन मात्र कामगिरीच्या दालनात शोधले जाते.

येथे माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच मांडतो. कारण तो पोकळ नाही. व्यवसाय म्हटला की चढउतार आलेच. नवे यंत्र आले, नवी बुद्धी आली, गिऱ्हाइकाची गरज पालटली, तर काल उपयुक्त असलेला हुद्दा आज निरुपयोगी ठरू शकतो. आणि मालकाला माणूस कमी करताच येऊ नये असा हट्ट धरला तर अखेरीस माणूस आणि मालक दोघेही बुडतात. हे ज्या शहराने डोळ्यांनी पाहिले त्या शहरातून मी लिहीत आहे. सर सेठ हुकुमचंद यांनी १९१५ साली उभारलेली हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली आणि ५,८९५ कामगार रस्त्यावर आले. मालवा मिल, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी या तिच्या भावंडांचेही थोड्याफार अंतराने तेच झाले. ज्या कामगार-वस्तीने १९६२ साली कॉम्रेड होमी दाजींना लोकसभेवर पाठवले होते, तिच्या संघशक्तीनेही त्या गिरण्यांचे दरवाजे पुन्हा उघडले नाहीत. तेव्हा कायद्याच्या बळावर तोट्याचा धंदा चालता ठेवता येतो, असा माझा समज नाही, आणि परवान्याच्या राज्याचे पुनरागमन व्हावे अशी माझी मागणीही नाही.

परंतु त्याच हुकुमचंद मिलचे प्रकरण दुसरीही एक गोष्ट शिकवते. गिरणी बंद झाली हे कारण उघड होते, दस्तऐवजावर होते; कामगार स्वखुशीने 'वैयक्तिक कारणास्तव' घरी गेले असे म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती. म्हणूनच त्यांचे देणे हे देणे म्हणून उभे राहिले. दर रविवारी ही माणसे गिरणीच्या आवारात जमत. आपसांत वर्गणी काढून खटला चालवीत. जमलेल्यांची डोकी पांढरी होत गेली, काहींच्या जागी त्यांच्या विधवा येऊ लागल्या, तरी बैठक मोडली नाही. २००७ साली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे त्यांच्या देण्याची रक्कम २२९ कोटी रुपये ठरली. आणि गिरणीच्या जमिनीचा तोडगा निघून सुमारे २२४ कोटींचा धनादेश पंतप्रधानांच्या हस्ते परिसमापकाकडे सुपूर्द झाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे बत्तीस वर्षांनंतर. हा विलंब कोणत्याही राज्यास भूषणावह नाही. कित्येकांच्या हाती तो पैसा त्यांच्या हयातीत पडला नाही. तरीही पडला तो ज्या एका आधारावर पडला, तो आधार म्हणजे नोकरी का गेली याची खरी नोंद. आजही अनंत चतुर्दशीच्या रात्री बंद पडलेल्या गिरण्यांच्या नावांनी दिव्यांच्या झाँक्या या शहरातून निघतात, वर्गण्या गोळा करून निघतात, आणि रस्त्याच्या दुतर्फा रात्रभर माणसे उभी असतात. त्या कामगारांना आपण कोण होतो आणि आपले काय झाले हे ठाऊक होते, आणि सगळ्या शहरालाही ते ठाऊक होते. सुपर कॉरिडॉरवरून लॅपटॉप परत करून येणाऱ्या माझ्या पुतण्यासारख्यांच्या वाट्याला एवढेही येत नाही. तो एकटाच जातो, एकटाच येतो, आणि कागदोपत्री तो स्वतःच्या मर्जीने आलेला असतो.

आता कायद्याकडे वळतो. आपल्या दफ्तरातील मंडळींस हे सर्व अवगत आहे. तथापि सर्वसामान्य वाचकास ते माहीत असावे म्हणून लिहितो. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ साली जे कलम २५-एफ घालण्यात आले, त्यात वर्षभर सेवा झालेल्या कामगाराची छाटणी करण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस, अथवा तिच्याऐवजी महिन्याचे वेतन, आणि दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई देणे आवश्यक केले होते. आणि त्या नोटिशीत छाटणीची कारणे नमूद केलेली असली पाहिजेत, असे स्पष्ट शब्द होते. छाटणीची व्याख्याही अशी विशाल होती की, शिस्तभंगाच्या शिक्षेखेरीज अन्य कोणत्याही कारणाने मालकाने केलेली सेवासमाप्ती तीत बसावी, आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 'कोणत्याही कारणाने' याचा अर्थ खरोखरच कोणत्याही कारणाने असा होतो, हे निःसंदिग्धपणे सांगून टाकले. शेवटी आलेला आधी जाईल, आणि तसे नसेल तर का नाही हे मालकाने लिहून ठेवावे, हाही दंडक त्याच कायद्याचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने या गोष्टी बव्हंशी तशाच ठेवल्या आहेत. शिवाय छाटणी झालेल्या कामगाराच्या खात्यात पंचेचाळीस दिवसांच्या आत पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्यासाठी जमा व्हावी, अशी नवी तजवीज केली आहे. तिचे मी मनःपूर्वक स्वागत करतो.

पण या सुबक वाड्याला दोन चोरदरवाजे आहेत. पहिला राजीनाम्याचा. स्वेच्छेने सोडलेली नोकरी ही छाटणी नव्हे, हे तत्त्व सर्वथैव बरोबर. परंतु त्याचा उपयोग असा होतो की, संध्याकाळपर्यंतच्या मुदतीत राजीनामा लिहून घेतला की नोटीस नको, कारण नको, भरपाईचे गणित नको, पुनर्नियुक्तीतील अग्रक्रम नको आणि पुनर्कौशल्याची ती पंधरा दिवसांची रक्कमही नको. दुसरा दरवाजा हुद्द्याचा. व्यवस्थापकीय काम करणारा, किंवा दरमहा १८ हजारांहून अधिक वेतन घेऊन देखरेखीचे काम करणारा, हा 'कामगार' नव्हे, असे संहिता म्हणते. आज संगणक कंपनीत नव्याने लागलेल्या मुलाचा पगारही बहुधा याहून अधिक असतो; आणि 'मॅनेजर' ही पदवी तर ज्याने आयुष्यात कोणाची एक दिवसाची रजा स्वतःच्या अधिकारात मंजूर केलेली नाही अशाच्याही नावापुढे लागते. तांत्रिक काम करणारा कितीही वेतन घेत असला तरी कामगारच, हे खरे. पण मी नावाने मॅनेजर आणि कामाने तंत्रज्ञ आहे, हे शाबीत करण्यास त्याला न्यायालयात जावे लागते. २०१५ साली एका मोठ्या कंपनीतून काढलेल्या चेन्नईच्या एका अभियंत्याने ते शाबीत केले. कामगार न्यायालयाने २०२२ साली त्याला कामगार ठरवून पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम दिला. सात वर्षे! ज्याच्या घराचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेस कापला जातो, त्याने सात वर्षे न्यायाची वाट पाहावी, असे आपण म्हणणार काय?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारात एक सरळ तत्त्व ग्रथित केले आहे: माणसाची नोकरी संपवण्यास त्याच्या क्षमतेशी, वर्तनाशी किंवा उद्योगाच्या गरजेशी निगडित असे ग्राह्य कारण असले पाहिजे. भारताने तो करार अद्याप स्वीकारलेला नाही. जर्मनीत १९५१ च्या कायद्याने धंद्याच्या गरजेपोटी माणसे कमी करण्याची मालकास मुभा आहेच. परंतु कोणास काढावयाचे हे ठरवताना सेवेची वर्षे, वय, पोष्यवर्गाची जबाबदारी आणि अपंगत्व यांचा विचार त्याला करावा लागतो, आणि तो केल्याचे विचारल्यास दाखवावे लागते. म्हणून जर्मनीतले कारखाने ओस पडले, असे कोणी म्हणत नाही.

माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि त्यांपैकी एकीनेही कोणत्याही मालकाचा माणूस कमी करण्याचा अधिकार यत्किंचितही कमी होत नाही.

पहिली अशी की, हुद्दा कोणताही असो आणि वेतन कितीही असो, ज्याची नोकरी मालकाच्या इच्छेने संपते त्या प्रत्येकास तिचे कारण लेखी मिळण्याचा हक्क असावा. कंपनीला खर्च कमी करावयाचा असेल तर तिने तसे लिहावे. काम संपले असेल तर तसे लिहावे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

दुसरी अशी की, कामगिरी हे कारण सांगावयाचे असेल तर मागील तीन वर्षांच्या मूल्यमापनाच्या नकला त्या पत्रासोबत जोडणे बंधनकारक असावे. ज्या कंपनीने मार्चमध्ये एखाद्यास 'अपेक्षेहून अधिक' असा शेरा दिला, तिला जूनमध्ये त्याच्याविरुद्ध कामगिरीचा दाखला देण्यास काहीतरी अडचण वाटली पाहिजे. आपलाच शेरा आपल्यावर बंधनकारक असावा, हे तत्त्व गावच्या तलाठ्यालाही लागू आहे. मग ज्यांच्याकडे माणसाच्या दर मिनिटाच्या कामाची नोंद असते त्या कंपन्यांस ते का नसावे?

तिसरी अशी की, मालकाच्या सूचनेवरून दिलेला राजीनामा छाटणीच मानला जावा. आणि कोणताही राजीनामा पंधरा दिवसांच्या आत मागे घेण्याची, आणि तो दबावाखाली दिल्याची कैफियत कामगार अधिकाऱ्यापुढे एका साध्या ऑनलाइन अर्जाने मांडण्याची मुभा असावी. राजीनामा खरोखर स्वेच्छेचा होता हे दाखवण्याची जबाबदारी अशा वेळी कंपनीवर असावी. आणि राजीनाम्याच्या त्या यादीत 'कंपनीच्या सूचनेवरून' हा एक पर्याय नियमानेच घालावा. त्याला कागदही लागत नाही, आणि खर्च तर मुळीच नाही.

कंपन्यांचे वकील म्हणतील की, लेखी कारण दिले की खटले वाढतील. माझा अनुभव नेमका उलट आहे. कामगार न्यायालयाच्या ओसरीवर मी ज्यांच्यासोबत उभा राहिलो त्यांतले फार थोडे केवळ पैशासाठी आले होते. बहुतेकांना आधी हे जाणून घ्यावयाचे होते की, आपलेच नाव का. ज्याला खरे उत्तर मिळाले तो बहुधा तडजोडीस राजी झाला, आणि ज्याला उडवाउडवी मिळाली तो शेवटच्या अपिलापर्यंत गेला.

लेखी कारणाचा उपयोग कायद्यापुरता नाही, घरापुरताही आहे. माझ्या पुतण्याला तीन महिन्यांचा पगार ठरल्याप्रमाणे मिळाला. त्याविषयी तक्रार नाही. परंतु त्यानंतर कित्येक दिवस तो आपल्या जुन्या मेल उघडून बसे आणि कोणते वाक्य चुकले, कोणत्या मीटिंगमध्ये आपण नको ते बोललो, हे शोधीत राही. शेजारच्या काकूंनी 'काय रे, आज घरी?' असे सहज विचारले तरी तो उत्तर जुळवू लागे. नव्या कंपनीच्या मुलाखतीत 'आधीची नोकरी का सोडली' हा प्रश्न पहिलाच येतो. तेव्हा खरे सांगावे तर आपण स्वतःच भरलेला कागद आपल्याला खोटे पाडतो, आणि कागदाप्रमाणे सांगावे तर आपण खोटे बोलतो. एका चोख माणसाला अशा कोंडीत उभे करण्याचा अधिकार कोणाला कोणत्या कायद्याने दिला, हे मला माझ्या सगळ्या पुस्तकांत सापडले नाही. चांगल्या कामाचे फळ म्हणून नोकरी टिकलीच पाहिजे, असा आग्रह आमच्या पिढीने आता सोडून द्यावा, हे मी मान्य करतो. तो काळ गेला. पण चांगल्या कामाची नोंद चांगली म्हणूनच राहावी, आणि नोकरी जाताना त्या नोंदीवर दुसऱ्याच्या हिशेबाचा डाग पडू नये, एवढे मागण्याचा अधिकार काळ बदलला म्हणून जात नाही.

संहिता नवी आहे. तिच्याखाली करावयाच्या नियमांवर आपला अधिकार चालतो, आणि जेथे नियम अपुरे पडतील तेथे दुरुस्तीचे विधेयक आणण्याची शक्ती आपल्यापाशी आहे. राजीनाम्याच्या यादीतील तो एक पर्याय आणि कामगार अधिकाऱ्याकडील तो अर्ज यांपासून आरंभ करावा, अशी माझी विनंती आहे. त्यानंतर वर्षभराने या देशात किती माणसे नोकरीवरून गेली आणि किती घालवली गेली, हा आकडा आपण संसदेच्या पटलावर छातीठोकपणे ठेवू शकाल, आणि त्याला कोणी आव्हान देऊ शकणार नाही. आज तो आकडा आपल्याला विचारला, तर आपल्यालाही 'वैयक्तिक कारण' एवढेच सांगावे लागेल.



आपला नम्र,
मल्हारगंजातील एक निवृत्त वकील